रकाना सतरावा

सकाळी साडेदहाला पहिला फोन धडगावचा.
वळवी गुरुजी. घरात रेंज नाही,
म्हणून ते टेकाडावर चढून बोलतात
आणि वाऱ्यासकट ऐकू येतात:
"मॅडम, पोरीची खुर्ची आली. झकास आहे.
पण ती अंगणातच आहे."

मी नोंदवही उघडते.
अख्खं राज्य सोळा रकान्यांत झोपलेलं:
नाव, वय, तालुका, टक्केवारी,
डावा की उजवा, गुडघ्याच्या वर की खाली,
उत्पन्नाचा दाखला, पोच मिळाली का.
गुरुजींच्या पोरीपुढे मीच लिहिलं होतं
हिरव्या शाईने, "मिळाली".

आमचं ऑफिस गुलटेकडीत, कांद्याच्या वखारीला लागून.
फायलींना वास येतो.
इथून निघतात कुबड्या, कॅलिपर, ब्रेलच्या पाट्या,
कानातल्या यंत्रांचे सेल,
नारिंगी पट्टीचे तेरा नंबर, निळ्या पट्टीचे सहाशे पंचाहत्तर.
एकदा परांड्याला चुकून निळे गेले. ते मावेनात.
पंधरा दिवस मुलं मेलेली यंत्रं घालून
मुकाट बसली वर्गात.
बाईंना वाटलं, शिस्त लागली.

खुर्च्या जातात स्वारगेटहून, एसटीच्या पार्सलात,
घडी घालून, गोणपाटात शिवून,
वर इस्माईल तांबोळींचं अक्षर:
"उभी ठेवणे. वर काही लादू नये."
तांबोळी नाना पेठेत सायकली दुरुस्त करायचे.
सायकली गेल्या, चाकं राहिली.
स्पोकला नखाने टिचकी मारून
आवाजावरून सांगतात, कुठली तार सैल.

गुरुजींना विचारलं, अंगणातच का?
"उंबरा वीतभर आहे," ते म्हणाले,
"आणि दार दोन बोटं अरुंद."
फोन ठेवल्यावर मी टेबलावर माझी दोन बोटं ठेवली
आणि बघत राहिले.

त्या दुपारी सतरावा रकाना आखला.
पट्टी सापडेना, माझ्या कुबडीच्या कडेने आखला,
वाकडाच आला.
वर लिहिलं: उंबरा किती? दार किती?
मुंबईहून विचारणा आली:
सदर रकाना कोणत्या शासन निर्णयान्वये?
मी उत्तर दिलं नाही.
म्हणजे दिलं, पण जावक क्रमांक टाकायचा राहिला.

मग मापं येऊ लागली.
कोणी इंचात, कोणी विटांत.
देवगडहून: एक अख्खा चिरा.
एटापल्लीहून: उंबरा नाही, दारही नाही, ताटी आहे.
खुर्ची पाठवा. रस्ता मात्र नाही.
सोलापूरहून एक बाई: उंबरा तासून घेतला,
सासूबाई सध्या बोलत नाहीत.
आणि उदगीरहून कुणीतरी चिडून:
मापं घेऊन काय करणार? सुतार पाठवणार?

यापुढे बराच वेळ मला काही लिहिता आलं नाही.
मग शिसपेन्सिलीने लिहिलं, हो.
पेन्सिलीने, म्हणजे खोडता येईल असं.

छत्तीसपैकी पस्तीस जिल्हे भरले.
पुणे राहिलं.
पुणे म्हणजे आमचंच दार:
तीन पायऱ्या, मधली फुटकी.
नऊ वर्षं मी रोज त्या चढते,
आधी कॅलिपर, मग मी,
आणि नऊ वर्षांत त्या कुठल्याच कागदावर नव्हत्या.
लिहिल्या. हिरवी शाई संपली होती, निळ्याने.

तांबोळींनी वाचलं. बोलले काही नाहीत.
वखारीतून हमालांची फळी मागून आणली,
लाल सालं चिकटलेली,
पायऱ्यांवर टेकवली,
पायाने दोनदा दाबून पाहिली,
माझ्याकडे न बघता आत गेले.

ती फळी संध्याकाळी परत द्यावी लागते,
ट्रक भरायला लागते त्यांना.
सकाळी पुन्हा मागायची.
आजही साडेदहाला आत फोन वाजत होता,
उदगीर असेल, धडगाव असेल,
आणि मी रस्त्यात उभी राहून
वखारीकडे ओरडत होते:
"अहो, फळी!"